दिलीपची ट्रंक

मी भर सभागृहात, माइकवरून, स्वच्छ मराठीत सांगितलं की माझं एका मुलावर प्रेम आहे. आणि लोकांनी मला शाल-श्रीफळ दिलं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, सांगलीच्या विश्रामबागेतल्या कविसंमेलनातली. मी बावीस वर्षांचा. हातात कागद न घेता, तडातडा बोलून कविता सादर करायचो. (अध्यक्षांनी आधीच विचारलं होतं, "चाल नाही का हिला?" नाही! हिला राग आहे!) कविता दिलीपवर होती. दिलीप आमच्या उंब्रजचाच, शेजारचा, फौजेत भरती झालेला. तो जायच्या आदल्या दिवशी त्याच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव मी लिहिलं होतं, आणि रंग वाळेपर्यंत आम्ही एकमेकांचा हात सोडला नव्हता. कवितेत हेच सगळं होतं. शेवटी माइक घट्ट धरून मी म्हणालो, "ही गोष्ट माझी आहे. माझं त्याच्यावर प्रेम आहे."

"वाहवा!" अध्यक्ष उठलेच. "काय हा परकायाप्रवेश! जवानाच्या पत्नीचं काळीज!"

"अहो, पत्नी कुठली? मी! मी!"

"तेच तर! इतकं एकरूप व्हायला प्रतिभा लागते!"

टाळ्या! माझं डोकं सणकलं. त्यात मागच्या रांगेत आमचे आबा, म्हणजे माझे वडील, रिटायर सुभेदार, मला न सांगता एस.टी.नं आलेले, उभं राहून सॅल्यूट ठोकत होते! डोळ्यांत पाणी! "लेका, तुजी आय माजी अशीच वाट बघायची रं!"

परतताना गाडीत मी दातओठ खात म्हणालो, "आबा, मला दिलीप आवडतो. *तसा* आवडतो!"

"कुणाला आवडत न्हाई? सोन्यासारखं पोरगं हाय. फुडल्या म्हैन्यात लगीन हाय त्येचं. तितं म्हण की ही कविता!"

(लगीन! हे मला एस.टी.त, कराडच्या अलीकडं, शेंगा खाता खाता कळलं!)

म्हटली. मुद्दाम म्हटली. आज मांडवात आग लावायचीच, असं ठरवून गेलो होतो. ट्रंकेची ओळ आली आणि नवरदेवानं मान खाली घातली. तेवढ्यात दिलीपची आई, आमच्या शेजारच्या काकी, ओरडल्या, "आवं, ती ट्रंक तर खरंच ह्यानंच रंगवलीया!"

अख्खा मांडव माझ्याकडं वळला. झालं! एकदाचं कळलं! दिलीप पांढराफटक.

"अक्षार लय बेस हाय रं तुजं," काकी म्हणाल्या. "नवरीच्या ट्रंकंवर बी नाव टाकून दे की!"

मी दिलीपकडं बघितलं. एक शब्द बोल, मर्दा! फक्त नको म्हण!

"दे की टाकून, गड्या," तो जमिनीकडं बघत म्हणाला.

असा संताप झाला म्हणून सांगू! त्याचा, आबांचा, त्या अध्यक्षांचा, अख्ख्या गावाचा! आणि मी, पंचक्रोशीतला एकुलता एक बंडखोर कवी, काय गरजलो?

"ब्रश कुठाय?"

रागाच्या भरात रंगाचे तीन हात दिले. इतकी वर्षं झाली, नवरीचं नाव अजून जसंच्या तसं आहे म्हणे. माझ्या एकाही कवितेला एवढं आयुष्य लाभलं नाही!