मावशींचा गोंधळ आणि बारा वाहती नाकं

मावशी बावीस वर्षं पाळणाघर चालवत होत्या. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत बारा मुलं, मागच्या खोलीत त्यांचे यजमान. यजमान छापखान्यात मुद्रितं तपासायचे. आता निवृत्त झाले होते, दम्याने त्यांना पोखरलं होतं, पण दुसऱ्याच्या बोलण्यातल्या चुका काढायची खोड काही गेली नव्हती.

मुलांच्या दुखण्याखुपण्याला मावशी कधी डगमगल्या नाहीत. फ्लूच्या लशीचं गणित मात्र त्यांना कधी सुटलं नाही. दोन वर्षांपूर्वी दोघांनी ती घेतली आणि चौथ्या दिवशी मावशींचं नाक गळायला लागलं. "सुईनंच दुखणं दिलं," त्यांनी ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी दवाखान्यातून बोलावणं आलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एकदा घेतली ना? मग दर वर्षी कसलं टोचून घ्यायचं?" यंदाही तेच. एरवी स्वल्पविरामासाठी भांडणारे यजमान या बाबतीत मात्र बायकोच्या होला हो म्हणत राहिले.

थंडी पडली आणि एका सोमवारी चिमणीची आई धावतपळत आली. चिमणी दोन वर्षांची, आई बँकेत कामाला.

"पहाटे अंग जरा कोमट होतं, मावशी. औषध दिलंय. आज रजा नाही मिळणार हो."

मावशींनी पोरीला कडेवर घेतलं. दुपारपर्यंत तिचं अंग तव्यासारखं तापलं. तोवर तिचं मावशींच्या खांद्यावर नाक पुसून झालं होतं आणि मागच्या खोलीतल्या आजोबांच्या, म्हणजे यजमानांच्या मांडीवर बसून त्यांच्या तोंडावर मनसोक्त खोकून झालं होतं.

बुधवारी मावशींची हाडं कुणी कुटून काढल्यासारखी दुखू लागली. गुरुवारी सहा मुलं आली नाहीत, आणि त्याच दिवशी यजमानांनी अंथरूण धरलं.

मग सल्ल्यांचा पाऊस. शेजारीण म्हणाली, खिडक्या गच्च लावा. एका मुलाच्या आईने उरलेल्या अँटिबायोटिकची पट्टी आणून दिली. भाचीने फोनवर सांगितलं, मोज्यात कांदा ठेव. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. पण मावशींचं मनच तापाने थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी खिडक्या लावल्या, कांदाही ठेवला. गोळ्या तेवढ्या बाजूला ठेवल्या, कारण पट्टीवरचं नाव त्यांना वाचता आलं नाही.

शुक्रवारी सकाळी त्या यजमानांना म्हणाल्या, "तुमचं टेंपरीचर बघू." यजमानांनी शब्द दुरुस्त केला नाही. ओठ काळसर पडले होते आणि दोन शब्दांनंतर दम लागत होता. स्वतःचा ताप विसरून त्यांनी टॅक्सी बोलावली.

इस्पितळात यजमानांना प्राणवायू लावला. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फ्लू आहे. लवकर आणलंत ते बरं केलंत. याचं औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झालं की जास्त उपयोगी पडतं. घरातलं उरलेलं अँटिबायोटिक यावर चालत नाही."

मावशींनी मनातलं विचारून टाकलं. "मागे लस घेतली तेव्हा मला सर्दी कशी झाली मग?"

"त्या इंजेक्शनमधला विषाणू मेलेला असतो, मावशी. त्याने फ्लू होत नाही. तुम्हाला साधी सर्दी झाली असेल, तिचे विषाणू वेगळे. शिवाय लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात."

"आणि दर वर्षी का?"

"विषाणू रूप बदलत राहतो, आणि जुन्या लशीचा जोरही ओसरतो."

"यंदा घेतली असती, तर यांना हे झालंच नसतं?"

"तसं छातीठोक नाही सांगता येत. झालं असतं तरी बहुतेक इतकं वाढलं नसतं."

मावशींना एकच उत्तर हवं होतं, हो किंवा नाही. हे 'बहुतेक' घेऊन त्या बाकावर बसून राहिल्या. दोष चिमणीचा? तिच्या आईचा? की ज्यांनी बोलावणं परत पाठवलं त्यांचा? त्यातून परिचारिका सांगून गेली, ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. म्हणजे चिमणीलाही पाळणाघरातल्याच कुणाकडून मिळालं असेल? सुताचा गुंता झाला नुसता.

नवव्या दिवशी यजमान घरी आले, काठी टेकत. संध्याकाळी चिमणीची आई दारात उभी राहिली, डोळे भरलेले. "माझ्यामुळे झालं का हो?"

मावशींनी तिच्यासाठी चार कडक शब्द राखून ठेवले होते. ऐन वेळी म्हणाल्या, "कुणास ठाऊक, बाई. आत ये."

पण नियम केला: औषधाशिवाय पुरता एक दिवस ताप नसेल तरच मूल आणायचं. दोन मुलांच्या आया रुसल्या, एकीने पोरगं दुसरीकडे नेलं. खिडक्या उघड्या राहू लागल्या, हात साबणाने धुतले जाऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फ्लूच्या दुसऱ्या जाती अजून फिरताहेत. तेव्हा बरं वाटल्यावर दोघांनी लसही घेतली. मावशींचा दंड दोन दिवस दुखला.

मग त्यांनी मुलांना कोपरात खोकायला शिकवलं. मुलांना हा खेळ भलताच आवडला. आता दिवसभर अकरा पोरं कोपरात तोंड खुपसून मुद्दाम खोकत असतात, आणि खरा खोकला कुणाचा हे शोधत मावशी एकेकाच्या कपाळाला हात लावत फिरतात.