शेजारणीच्या वाट्याचा हंडा

शेजारच्या सुमनकाकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातांवर कोपरापर्यंत पांढरट मीठ वाळलेलं दिसलं. विचारलं, तर म्हणाल्या, "खाऱ्या पाण्याने आंघोळ केली की असंच होतं."

खाडीतल्या या बेटावर गोड्या पाण्याची विहीर एकच. होळीआधी तिचा गाळ काढायला जे घर उतरतं, त्याला उन्हाळाभर रोज दोन हंडे, न उतरणाऱ्याला काही नाही. नियम न्याय्य आहे. गाळ काढला त्या दिवशी मी तालुक्याला पाण्याच्या हक्कावर तावातावाने भाषण ठोकत होतो.

तरी माझ्या दारात रोज भरलेला हंडा असायचा. मला वाटायचं, गावच देतं. दोन महिने मी तेच पाणी प्यायलो, त्यानेच मजेत न्हालो आणि मग बसून पाणी लुटणाऱ्यांवर पत्रकं लिहिली.

"काकू, तो हंडा तुमच्या वाट्यातला?"

"मग काय आभाळातून पडला? पुढारी माणूस तू, भाषणाला पारोसा जाशील?"

"उद्यापासून नको."

काकूंचा चेहरा उतरला. "का रे, आम्ही शेजारी नाही? पुढच्या होळीला गाळात उतर, म्हणजे झालं."

पाऊस यायला अजून महिना आहे, आणि तहान मला रोज लागणार आहे.