डब्यात लेकरं आहेत

माझं बालपण कुठं गेलं असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, रेल्वेच्या डब्यात. मग समोरचा माणूस लगेच कनवाळू होतो. ‘अरेरे, केवढे हाल झाले असतील!’ हाल झाले नाहीत. झाले असतील तर आमचे आम्ही पाहून घेतले. ज्यांना कीव करायची फारच हौस आहे त्यांनी ती दुसरीकडे नेऊन करावी.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. त्याला चुनखडी लागणार, कोळसा लागणार, आणि ते आणायला आधी रूळ लागणार. माझे बाबा रूळ टाकणाऱ्या गँगवर मिस्त्री होते. नागपूरहून बदली झाली खरी, पण राहायला क्वार्टर नव्हतं. मिळाला तो एक जुना, चार चाकांचा, विटकरी रंगाचा डबा. काम जिथं सरकेल तिथं डबा जायचा. आज भिलाईच्या यार्डात, तर पुढच्या महिन्यात अहिवाऱ्याकडे, खाणींच्या लाइनवर. इंजिन यायचं, डब्याला जोडायचं आणि आमचं घर चालू लागायचं.

नियमानं त्यात एकट्या बाबांनीच राहायचं होतं. बायकामुलांना परवानगी नव्हती. आई पहिल्याच महिन्यात मला आणि धाकट्या भावाला घेऊन आली, ट्रंक आत ढकलली आणि म्हणाली, “आता आमी अठीच राहू.” बाबा नियम समजावून सांगत होते तोवर तिनं शेगडी पेटवलीसुद्धा.

त्या डब्याचं तिनं घर केलं. फळ्यांना पुढून लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे धक्का बसला तरी डाळ-तांदळाचे डबे खाली येऊ नयेत. पाण्याचा माठ सायकलच्या जुन्या टायरमध्ये बसवला. बादली अर्ध्याच्या वर भरायची नाही, वरण उकळत असताना शेगडीजवळ बसायचं नाही, आणि बाहेर इंजिनाची शिट्टी झाली की हातातलं सगळं सोडून खाली बूड टेकायचं. हा शेवटचा नियम अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. कुकरची शिट्टी झाली की मी बसायला जागा शोधते. सुना हसतात. हसू देत.

आंघोळीचं कढत पाणी ड्रायव्हर मेहरबान असला तर इंजिनातून मिळायचं. चारचा पाढा मी मालगाडीच्या वॅगन मोजत पाठ केला, कारण एकेका वॅगनला चार चाकं. मग आठ चाकांच्या वॅगन आल्या आणि आठचाही झाला. एका बाबतीत मात्र आम्हाला फार जपावं लागे. कुणी अनोळखी डब्याजवळून गेला तर आम्ही आवाज काढायचा नाही. साहेब तपासणीला येणार असला की आमची रवानगी दिवसभर जवळच्या खुर्सीपार वस्तीत, एका गँगमनच्या घरी. आम्ही दोघंही कुजबुजून बोलायला इतके पटाईत झालो की भाऊ रडायचासुद्धा आवाज न करता.

एका दुपारी शिट्टी झालीच नाही. यार्डात इंजिन कधीकधी वॅगन ढकलून सोडून देतं, आणि त्या आपल्या आपण घरंगळत येऊन पुढच्या डब्यावर आदळतात. तशा तीन वॅगन आमच्यावर आदळल्या. भाऊ दारात उभा होता. त्याचं कपाळ लोखंडी उंबऱ्यावर आपटलं आणि रक्ताची धार लागली. वॅगन सोडणारा माणूस धावत आला आणि पोराला बघून पांढराफटक पडला. “हमको क्या मालूम बाई, अंदर बच्चे हैं करके?” तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

आईनं जखमेत हळद दाबून भरली, पट्टी बांधली आणि भावाला माझ्या मांडीवर दिलं. मग तिनं घमेल्यात चुना कालवला. डब्याच्या दोन्ही टोकांना, हातभर अक्षरांत, तिनं लिहिलं, ‘डब्यात लेकरं आहेत. धक्का देऊ नये.’ खाली तेच हिंदीतही लिहिलं, म्हणजे कुणाला सबब नको.

संध्याकाळी बाबा आले आणि त्यांनी ते वाचलं. “अवं, हे कावून लिवलं? आपण लेकरं लपवून राहिलो, अन् तू बोर्ड लावून राहिली! साहेबानं पायलं म्हंजे?”

“इंजिनवाल्यानं नाही पायलं, त्याचं काय झालं ते पाहा,” आई म्हणाली आणि भावाच्या पट्टीकडे बोट दाखवलं.

बाबांनी ओल्या फडक्यानं अक्षरं पुसली. सकाळी ते कामावर गेल्यावर आईनं पुन्हा लिहिली. ते रोज पुसायचे, ती रोज लिहायची. बाबा भित्रे होते, हे आता सांगायला मला लाज वाटत नाही. सरकारी कागद हातात आला की आधी ते उठून उभे राहायचे. त्यात साहेबांच्या तपासणीचा कागद आला. बाबांनी तो दोनदा वाचला, घडी केली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, “दोघांलेही नागपूरले दादाच्या घरी ठेवून येतो. शाळा आहे, पक्कं घर आहे. अठी काय ठेवलं आहे?”

काका-काकू चांगले होते. तरी मला जायचं नव्हतं. मला पक्कं घर नको होतं. मला ती अर्धी बादली, ते वॅगनींचे पाढे आणि डब्यातली माझी जागा हवी होती. काकांकडे मी कायमची पाहुणी होणार, हे आठ वर्षांच्या मला नीट कळत होतं आणि त्याचा भयंकर राग येत होता.

आई पोळी लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं. “मी मामाच्या घरी वाढली. मामी वाईट नोती. पण आठ वर्षं मी कोनाले म्हटलं नाही का मले भूक लागली. माझी लेकरं हे नाही शिकणार.” बाबांनी घडी केलेला कागद खिशात घातला.

तपासणीच्या सकाळी बाबा म्हणाले, “या दोघायले खुर्सीपारले पाठव.” आई “हो” म्हणाली. बाबांची पाठ वळताच तिनं आम्हाला न्हाऊ घातलं, माझ्या दोन वेण्या घातल्या, आणि दोघांना पुस्तक देऊन डब्याच्या पायरीवर, भर उन्हात, सगळ्या यार्डाला दिसेल असं बसवलं. मग दोन्ही टोकांना जाऊन तिनं अक्षरंही ताजी केली.

साहेब रुळावरच्या ट्रॉलीवरून उतरले. मागे बाबा. आम्हाला बघून बाबांच्या तोंडाचं पाणी पळालं. साहेबांनी भिंतीवरचं वाचलं, मग आम्हाला न्याहाळलं.

“ये किसने लिखा?”

“मैंने,” आई दारातून म्हणाली.

“यहाँ बच्चे रखने का ऑर्डर नहीं है.”

“ऑर्डर नहीं है साहब, पर बच्चे तो हैं. आप मिटाओगे तो इंजिनवाले को नहीं दिखेंगे, बस. रहेंगे तो यहींच.” तिचं हिंदी असंच नागपुरी होतं, आणि पदर डोक्यावर असला तरी नजर साहेबांवरून हलली नव्हती.

साहेब बाबांकडे वळून म्हणाले, “मिस्त्री, शाम तक ये मिटना चाहिए. और हफ्ते भर में फैमिली नागपूर.” ट्रॉली निघून गेली.

ऊन उतरल्यावर बाबा आले. एका हातात फडकं, दुसऱ्या हातात झाकलेला टिनाचा डबा. त्यांनी फडकं भिजवलं आणि एक एक अक्षर पुसायला लागले. आई चुन्याचं घमेलं घेऊन उठायला गेली, तर म्हणाले, “राहू दे तुझा चुना.” मला वाटलं, संपलं. मी ट्रंकेतून माझा फ्रॉक बाहेर काढला, कारण नेतीलच तर निदान आवडता तरी न्यावा.

बाहेरून तेलाच्या रंगाचा वास आला. मी दाराशी गेले. मैलाचे दगड रंगवायचा पांढरा रंग बाबांनी उघडला होता आणि कुंचला घेऊन ते आईचंच वाक्य लिहीत होते. सरकारी वळणाची, सरळ, ठसठशीत अक्षरं. डाव्या हातानं त्यांनी उजवं मनगट धरलं होतं.

साहेबांचा आठवडा आला आणि गेला, आम्ही नागपूरला गेलो नाही. त्याच डब्यात राहिलो, क्वार्टर मिळेपर्यंत. बाबांची बढती मागे पडली, आणि ती त्या रंगापायीच, असं त्यांचे सोबती शेवटपर्यंत म्हणत. बाबा त्याबद्दल कधी हळहळले नाहीत.

त्या संध्याकाळी दुसरं टोकही रंगवून झाल्यावर त्यांनी मला खाली बोलावलं. “वाच,” म्हणाले.

मी वाचलं. सवयीनं, कुजबुजत.

“असं नाही,” बाबा म्हणाले. “मोठ्यानं वाच. साऱ्या यार्डाले आयकू जाऊ दे.”