रस्त्यावर न आलेली गाडी

मुलगी घर सोडून गेली तेव्हा तिने तिची मोटारसायकल मागे ठेवली, आणि ती परत येणार असा त्याचा अर्थ माझ्या नवऱ्याने लावला. मी तसा लावला नाही. पण आमच्या घरात अर्थ लावायचं खातं त्याच्याकडे आहे आणि डबे भरायचं माझ्याकडे, त्यामुळे मी गप्प बसले.

गाडी मातीतली होती. उंच, हडकुळी, चिखल झाडत शेतातून उड्या मारायची. दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. मुलीने अठराव्या वर्षी ती इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या, लिटल रिव्हर गावच्या एका शेतकऱ्याकडून घेतली होती. रस्त्यावर चालवायची परवानगी नसल्यामुळे दर शनिवारी नवरा ट्रेलर जोडायचा, गाडी त्यावर बांधायचा आणि आमच्या वेरिबीहून तिला मैत्रिणीच्या वडिलांच्या मोकळ्या रानात घेऊन जायचा. ती गोल गोल फिरायची, हा कुंपणाशी थर्मासमधला चहा पीत उभा. घरी आल्यावर दोघं एकाच विषयावर बोलायचे आणि मला त्यातलं काही कळायचं नाही. तेव्हा मी कुरकुर करायचे. आता वाटतं, आमचे तेवढेच दिवस बरे होते.

मग तिने युनी, म्हणजे युनिव्हर्सिटी, सोडली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून कोलॅक गावाच्या पलीकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागायचं ठरवलं. आम्हाला सांगितलं तेव्हा सगळं ठरलं होतं, भाड्याची खोलीसुद्धा. नवरा पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर. पण पदवी घेतल्यापासून पाना हातात न धरता बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये रमलेला. तो सुरुवातीला शांतपणे बोलला. मग त्याचा तोल गेला. मिस्त्री व्हायला तुला ऑस्ट्रेलियात आणलं का, असं त्याने विचारलं. आणि पाठोपाठ म्हणाला, "या घरात मिस्त्रीला जागा नाही."

फेब्रुवारीत ती गेली. मैत्रिणीच्या यूटमध्ये, म्हणजे मागे उघडा हौदा असलेल्या गाडीत, बॅगा भरल्या. गॅरेजपाशी नवरा उभा होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून त्याने विचारलं, ही गाडी नेणार नाहीस का? ती म्हणाली, "इट्स नॉट रोड लीगल, बाबा. रेगो असता तर वीकेंडला आले असते राइड करत." रेगो म्हणजे गाडीची नोंदणी. इथे प्रत्येक शब्द अर्धा तोडून त्याला ओ लावतात.

ते वाक्य तिने जाता जाता, दार लावता लावता टाकलं होतं. नवऱ्याने ते झेललं आणि घट्ट धरून ठेवलं.

मी त्याला सांगितलं, फोन कर आणि चुकलं म्हण. एकदा नाही, अनेकदा सांगितलं. पण आमच्याकडचे पुरुष माफी मागत नाहीत, पंखा दुरुस्त करून देतात. माझे वडील तसेच होते, त्याचेही. दर वेळी त्याचं उत्तर एकच, गाडी झाली की बोलेन. पालथ्या घड्यावर पाणी.

तर तो गाडी रस्त्यावर आणायच्या मागे लागला. त्याने शोधून काढलं की हे मॉडेल मुळात रस्त्यावर चालवायचंच होतं. शेतकऱ्याने गुरांमागे फिरवायला म्हणून त्याचे दिवे-बिवे काढून टाकले होते. म्हणजे जे काढलं ते परत बसवायचं, एवढंच. एवढंच म्हणता म्हणता आमचा अख्खा हिवाळा, म्हणजे इथले जून ते ऑगस्ट, गेला. पुढचा दिवा, मागचा दिवा, नंबर प्लेटवर उजेड टाकणारा तिसरा छोटा दिवा, चारही इंडिकेटर, चेनवरचं झाकण, रस्त्याचे टायर. इंडिकेटर बसवले तर ते मिचमिचेनात, कारण इंजिनातून येणारी वीज बॅटरीला चालत नव्हती. मग आतली तांब्याची गुंडाळी पुन्हा गुंडाळणं आलं. ऑफिसात पोरांना कामं वाटणारा माणूस गॅरेजच्या गार फरशीवर पाठ टेकून पडलेला असायचा. गुडघे धरले, नखं काळी झाली. मी एकदा म्हटलं, अरे, आता तूच मिस्त्री झालास की. तो हसला नाही. बोलायला नको होतं.

प्रत्येक टप्प्याला तो फोटो काढून आम्हा तिघांच्या ग्रुपवर टाकायचा. दिवा लागला, फोटो. हॉर्न वाजला, त्याचा व्हिडिओ. तिकडून अंगठा यायचा. कधी 'नाइस' असायचं. तेवढ्यावर तो दोन दिवस खूश असायचा. माझ्याशी ती रविवारी फोनवर बोलायची, जेवण, थंडी, काम. बाबांना देऊ का विचारलं की तिला नेमकं कुठेतरी जायचं असायचं.

ऑक्टोबरमध्ये दसरा आला. नवऱ्याचं बालपण चिंचवडमधलं. वडील कारखान्यात टूलरूमला. खंडेनवमीला तिथे प्रत्येक मशीन रॉकेलने धुवायचं, जुना रंग खरवडून नवा द्यायचा, मग हार. घरचा धडाच होता की गंजलेलं, मळकं हत्यार पूजेला ठेवायचं नाही. गाडी तयार होती, फक्त रंग उडालेला. त्याने ठरवलं की दसऱ्याला नव्या रंगात तिची पूजा करायची, सोमवारी तपासणीला न्यायची आणि नंबर मिळाला की मुलीला फोन करायचा. हे त्याने मला जेवताना सांगितलं, आणि त्याचा आवाज असा होता की मलाही क्षणभर खरं वाटलं.

त्याने पुन्हा सगळी गाडी सुटी केली आणि सांगाडा रंगाच्या भट्टीत पाठवायला काढला. काय जपायचं ते त्याला पक्कं माहीत होतं. आपल्याकडे आरटीओत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि तो ठसा म्हणजे गाडीची ओळख. म्हणून सांगाड्यावर कोरलेल्या त्या नंबरावर त्याने तीन थर टेप लावली, बाळाला लंगोट बांधावा तशी. त्याच्याच शेजारी, गाडीच्या मानेवर, बोटभर लांबीचा एक काळवंडलेला पत्रा दोन रिव्हेटांनी ठोकलेला होता. त्यावरची अक्षरं झिजलेली. रंगवाल्याने सांगितलं होतं की निघेल ते सगळं काढून द्या. नवऱ्याने ड्रिलने रिव्हेट उडवले, पत्रा कचऱ्याच्या लाल झाकणाच्या बिनमध्ये टाकला आणि मंगळवारी काउन्सिलचा ट्रक बिन रिकामी करून गेला.

दसऱ्याला गाडी काळीभोर चमकत होती. इंडियन शॉपमधला प्लास्टिकच्या झेंडूचा हार, हँडलला कुंकू, चाकाखाली लिंबू. त्याने नारळ फोडला तो ड्राइव्हवेवर. शेजारचा ऑस्ट्रेलियन माणूस कुत्रं फिरवत चालला होता, 'ब्यूटी, मेट' म्हणून गेला. फोटो ग्रुपवर गेला. या वेळी अंगठ्याबरोबर लाल बदाम आला, आणि नवऱ्याने तो मला दोनदा दाखवला.

सोमवारी आम्ही दोघं सुट्टी काढून गाडी ट्रेलरवरून तपासणीला घेऊन गेलो. रस्त्यावर चालवायला लायक असल्याचा दाखला देणारा तो पोरगा पंजाबी होता, हसरा. दिवे लावून बघितले, ब्रेक बघितले, काम झकास झालंय म्हणाला. मग टॉर्च घेऊन गाडीच्या मानेपाशी वाकला. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. "अंकलजी, प्लेट किधर है?"

नवऱ्याला आधी कळलंच नाही. पोराने बोटाने दाखवलं, रंगाखाली दोन बुजलेली भोकं होती. इथे घोडं पेंड खात होतं. तो मळका पत्रा म्हणजे ही गाडी या देशाच्या रस्त्यांच्या नियमांत बसते याचा एकमेव पुरावा होता. चासी नंबर गाडी कोणती ते सांगतो. ती रस्त्यावर येऊ शकते की नाही, ते तो पत्रा सांगतो. नवरा म्हणाला, घाण झाला होता, पूजा होती म्हणून काढला. पोरगा पंजाबी असल्यामुळे त्याला पूजा कळली. त्यामुळे आणखीच वाईट वाटलं, कारण तो हसला नाही. सॉरी म्हणाला आणि गाडी चढवायला हात लावला.

मग तीन आठवडे फोनाफोनी. गाडी आयात करणाऱ्या कंपनीने कळवलं की इतक्या जुन्या मॉडेलला दुसरा पत्रा मिळत नाही. ज्याच्या सहीने तसा दाखला मिळू शकतो अशा एका इंजिनिअरने सांगितलं की धूर, आवाज, ब्रेक सगळं प्रयोगशाळेत नव्याने सिद्ध करावं लागेल आणि एका गाडीसाठी ते कुणी करत नाही. नोंदणीच्या ऑफिसातली बाई फार गोड होती. नो वरीज म्हणत म्हणत तिने तीनदा 'नाही' म्हटलं. नवरा प्रत्येक फोननंतर म्हणायचा, बघू. मग त्याने क्वीन्सलंडमध्ये कुणाकडे तरी तसाच सांगाडा, पत्र्यासकट, असल्याचं शोधून काढलं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, आणखी एक हिवाळा.

मला राहवलं नाही. त्या रविवारी मी मुलीला सगळं सांगितलं. पत्रा, पूजा, पंजाबी पोरगा. मला वाटलं होतं ती हसेल, मग तिला वाईट वाटेल, आणि त्या वाईट वाटण्यातून ती कदाचित एकदा यायचं म्हणेल.

"आई, माझ्याकडे बाइक आहे," ती म्हणाली. "सिन्स ईस्टर."

मी विचारलं, रस्त्यावर चालणारी?

"हो. रेगो आहे तिला. आय राइड इट टु वर्क."

ईस्टर एप्रिलमध्ये होता. पहिला दिवा लागला तो जूनमध्ये. म्हणजे प्रत्येक अंगठा तिने स्वतःची गाडी दाराशी उभी असताना पाठवला होता. मला भयंकर राग आला. मी विचारलं, मग त्याला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "ही वॉज हॅपी, आई. त्यांना काहीतरी करायला मिळालं होतं." आणि नंतर, अगदी हळू, "सांगितलं असतं तर यावं लागलं असतं."

माझा राग तिथेच गळून गेला. राग टिकला असता तर बरं झालं असतं. यावं लागलं असतं, हे ती आपल्या घराबद्दल बोलत होती. आमच्या चुलीवरचं खाऊन वाढलेली पोर.

आठवडाभर मी ते पोटात ठेवलं. मग एका दुपारी नवरा म्हणाला की क्वीन्सलंडच्या माणसाला हो सांगतोय, सांगाडा ट्रकने येईल. हा माणूस आणखी एक वर्ष फरशीवर पाठ टेकून पडणार आणि तिकडून अंगठे येणार, हे माझ्याने बघवेना. मी गॅरेजमध्ये गेले आणि सांगून टाकलं. तिच्याकडे गाडी आहे. रस्त्याची. ईस्टरपासून.

तो चिंध्यांनी हात पुसत होता. पुसतच राहिला. मला वाटलं तो चिडेल, पण तो आधी उजळला. खरंच त्याचा चेहरा उजळला. दोन तासांचा तर रस्ता आहे, म्हणाला, हायवे सरळ आहे, काही त्रास नाही. आणि बोलता बोलता थांबला.

"मग आली का नाही?"

बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं, त्या मशीनचा आवाज तेवढा येत होता. तो खाली पेटीवर बसला. फेब्रुवारीत या घरात काय बोललं गेलं ते त्याने इतक्या महिन्यांत एकदाही उच्चारलं नव्हतं, आणि आताही उच्चारलं नाही.

"तिला यायचंच नाहीये," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. पण तो माझ्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघावी तसा, आणि शेवटी मी हो म्हटलं.