सदूभाऊ हॉटेलं बघत फिरायचा

वालावलचा विश्राम बोटीवरून उतरला आणि ट्रंक हातात घेऊन सरळ माझ्याकडे आला. रविवार होता. मी गिरगावात कोपऱ्यावरच्या इराण्याकडे बसलो होतो. रविवारी सकाळी मी कुठे सापडतो हे आमच्या भागातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी त्याच्यासाठी चहा सांगितला. चहा आल्यावर त्याने तो कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "तू पी आधी. मगे सांगतंय." मी म्हटलं, "माझो झालो. तू पी." त्याने ट्रंक पायाशी ओढून घेतली. मग म्हणाला, "सदूभाव गेलो रे. आज आठ दिवस झाले." तो चहा दोघांपैकी कुणीच प्यायला नाही. इराण्याचा माणूस दोनदा येऊन विचारून गेला, गार झाला, दुसरा देऊ का... आणि मला एवढंच सुचत होतं, की सदूभाऊ असता तर म्हणाला असता, बघ, हा माणूस चांगला आहे, ह्याने विचारलं.

याला आता सहा आठवडे झाले. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायला बसलो की आधी वाटतं, कुणी हसेल काय, चुकेल काय... पण सदूभाऊचं माझ्यावर जे आहे ते कुठेतरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

मी माझ्या गावाहून, कट्ट्याहून, मुंबईला आलो तेव्हा सोळा वर्षांचा होतो. पन्नास साल उलटून गेलं होतं. लालबागला आमच्या भागातल्या माणसांची एक खोली होती, त्यात आम्ही बारा जण. पाळीप्रमाणे कोण दिवसा झोपे, कोण रात्री. सदूभाऊ माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, वालावलचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. जेवण आम्हा सगळ्यांचं एका मालवणी बाईच्या खानावळीत. ती खानावळ रविवारी संध्याकाळी बंद असे. तेव्हा बाकीचे कुठे कुठे जात, आणि मी चणे-कुरमुरे घेऊन जिन्यात बसे. हॉटेलात शिरायची मला भीती वाटायची. फळ्यावर लिहिलेलं वाचता यायचं, पण ते काय असतं हे कळायचं नाही. हात धुवायला कुठे जायचं, खाऊन झालं की उठायचं की कुणी उठवतं, काहीच माहीत नव्हतं. सदूभाऊला चार-पाच रविवारांनी हे कळलं. तो माझा दंड धरून मला जिन्यावरून खाली घेऊन गेला.

त्या दिवशी त्याने मला जे शिकवलं ते मी अजून विसरलेलो नाही. "आधी बस. पाणी आपसूक येता. मगे घायघाय करू नको. शेजाऱ्याच्या पुढ्यात काय आसा ता बघ, बरा दिसला तर बोट दाखव. नाव येवक व्हया असा काय नाय." मी शेजाऱ्याकडे बघितलं आणि बोट दाखवलं. जे आलं ते खिमा-पाव होतं. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर सदूभाऊ म्हणाला, "रडतंस कित्याक? तिखट तर आपल्या घराकय खातंस."

पुढे कित्येक वर्षं आमचे रविवार असेच गेले. माटुंग्याला मद्राशी हॉटेलात कॉफी उंचावरून ओततात ती बघायला आम्ही चालत गेलो. निर्वासितांच्या वस्तीत डाळ-पकवान खाल्लं, फाळणीत सगळं गमावून आलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातचं. धोबीतलावावर एका गोयंकार किरिस्तांवाच्या काळोख्या हॉटेलात फिश करी खाल्ली, तेव्हा सदूभाऊने डोळे मिटून सांगितलं, "ह्येच्या आवयन त्रिफळां घातल्यानी आसतली, ह्यो इसारलो." त्रिफळं म्हणजे माशाच्या आमटीत घालायचा आमचा मसाला, आणि आवय म्हणजे आई. काळबादेवीला गुजराती भोजनशाळेत माझी फजिती झाली. आमच्याकडे वाढणाऱ्याला नको म्हणायचं नाही आणि पानात टाकायचं नाही. तो महाराज पुरी वाढत होता आणि मी खात होतो, तो वाढत होता आणि मी खात होतो. शेवटी मला घाम फुटला तेव्हा सदूभाऊ म्हणाला, "हात आडवो धर रे मेल्या. नायतर तो तुका जितो सोडूचो नाय." तोवर तो गंमत बघत बसला होता.

मला वाटायचं, ह्याला खायचा नाद आहे. पण त्याचं काही काही विचित्र होतं. खाणं संपलं की तो उठून हॉटेलभर फिरे. पडदा लावलेली फॅमिली रूम असली तर आत डोकावे. पडदा बोटांनी चोळून बघे. एकदा त्याने एका उडप्याला विचारलं, "हंयसर बायलमाणसां येतत काय? एकटी बसली तर तुमची पोरां बघीत ऱ्हवतत?" तो उडपी त्याला बाहेरच काढणार होता. एका ठिकाणी जेवण फार छान होतं, तर सदूभाऊ बाहेर येऊन म्हणाला, "हंयसर नको. हात धुवची जागा पुरुषांच्या मधी आसा." मी विचारलं, "आपल्याक काय त्येचा?" तो म्हणाला, "आपल्याक नाय. तिका."

मग त्याने सांगितलं. त्याचं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती. वहिनी वालावलला, सासूजवळ. हा चतुर्थीला जाई, शिमग्याला जमलं तर जाई. "तिका मी बसान जेवताना बघूक नाय रे अंत्या. आमचा सगळ्यांचा झाला की माझ्या पानात बसता, चुलीकडे, पाठ करून. तवसर भात थंड. गरम भात ह्या घराक येयल्यापासून तिच्या तोंडात गेलो नाय. तिका म्हणालंय, तर म्हणता, तुमची आवयसुद्दा तशीच जेवली." थोडं चालून गेल्यावर म्हणाला, "एकदा तिका खुर्चेर बसयतलंय. कोणीतरी तिका गरम गरम वाढूक व्हया आणि तिना खावक व्हया, माझ्याआधी. घरात ता होवचा नाय. म्हणान बघतंय."

म्हणजे मुंबईतली ती सगळी हॉटेलं हा आपल्या बायकोच्या एका जेवणासाठी बघत फिरत होता.

साठ सालाच्या आसपास वहिनी एका लग्नासाठी पंधरा दिवस मुंबईला आली, परळला नातलगांकडे उतरली. सदूभाऊने ठरवलेली जागा गिरगावात होती. वरच्या मजल्यावर फॅमिली रूम, स्वच्छ पडदा, वाढणारा वयस्कर. मला त्याने बरोबर ओढलं, कारण बायकोसमोर एकट्याने टेबलाला बसायची त्यालाच लाज वाटत होती. वहिनी खुर्चीच्या काठावर बसली, जशी काही ती खुर्ची दुसऱ्या कुणाची आहे. तीन थाळ्या आल्या. भातावरून वाफ येत होती. सदूभाऊ म्हणाला, "खा गो." ती म्हणाली, "तुमी खावा आधी." तो म्हणाला, "हंयसर तशी पद्धत नाय." आपली थाळी तिने हळूच माझ्यापुढे सरकवली. "भावजींका होवंदे. ते बारीक झालेत."

आणि मी ती थाळी खाल्ली... नको म्हटलं तर तिला वाईट वाटेल, ठेवली तर टाकल्यासारखं होईल, ह्या भीतीने मी दोन्ही थाळ्या खाल्ल्या. सदूभाऊने काय करावं? त्याने भराभरा जेवून घेतलं, म्हणजे ती तरी लवकर जेवेल. थाळीत तिच्यासाठी भात ठेवला, भाजी ठेवली, अर्धी पुरी ठेवली, आणि हात धुवायला उठला. वहिनीने ती थाळी आपल्याकडे ओढायला हात पुढे केला. तेवढ्यात तो वयस्कर माणूस आला, थाळी उचलली, ओल्या फडक्याने टेबल पुसलं आणि गेला. त्याची काय चूक? माणूस उठला, थाळी उचलली. सदूभाऊ हात पुसत आला तेव्हा वहिनी पुसलेल्या टेबलाकडे बघत बसली होती. त्याने दुसरी थाळी मागवायला हाक मारली, तर तिने त्याचा सदरा धरला. "नको. माझा पोट भरला." जिना उतरताना सदूभाऊने माझ्याकडे बघितलं नाही. तो मला कधी टाकून बोलला नाही, त्या दिवशीही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या वेळी त्याने युक्ती केली. म्हणाला, आज माझो उपास आसा, तू खा. ती म्हणाली, मगे माझोय उपास. दोघं उपाशी घरी गेली. तिच्या जायच्या आदल्या दिवशी तो तिला माटुंग्याला घेऊन गेला, बरोबर मीही होतो, पण नुसता कॉफीला. मसाला डोसा मागवला, एकच, आणि अर्धा खाऊन उरलेला तिच्याकडे सरकवायचा बेत. लवकर खाण्याच्या नादात त्याची जीभ पोळली. वहिनीने उरलेला डोसा खाल्ला, सगळा. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "आंबोळी बरी आसा. पण थंड आंबोळ्ये खावक मुंबयेक कित्याक येवक व्हया? त्ये घराकय मेळतत." सदूभाऊ इतका हसला की त्याला खोकला आला. हसली तीही. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. परतताना तो मला म्हणाला, "फुडच्या फेऱ्येक. आता तिका भय नाय ऱ्हवला. फुडच्या फेऱ्येक खातली."

तो खोकला मात्र गेला नाही. गिरणीतल्या कापसाने त्याची छाती धरली होती. दोन-तीन वर्षं त्याने रेटली, मग डॉक्टर म्हणाले गावाला जा, हवा लागू दे. भाऊच्या धक्क्यावर मी त्याला बोटीत बसवून दिलं. फळीवर पाय ठेवण्याआधी तो थांबला, श्वास घेतला आणि म्हणाला, "त्या माटुंग्याच्या हाटेलात फॅमिली रूम नवी केली म्हणतत. जावन बघून ये. कळय माका." मी त्याच रविवारी गेलो. पत्रात लिहिलं, खिडकी आहे, पडदा निळा आहे, हात धुवायची जागा बायकांना वेगळी. उत्तर आलं नाही. आला तो विश्राम.

मी कुडाळला उतरून वालावलला पोचलो तो बाराव्या दिवशी. तेराव्याचं गोडाचं जेवण झालं, पंगती उठल्या, माणसं पांगली. मी ओसरीवर बसलो होतो तेव्हा सदूभाऊची म्हातारी आई माझ्याजवळ आली. म्हणाली, "तू तेचो भावासारखो. तिका सांग बघया. तेरा दिवस झाले, पेजेच्या पाण्यार आसा. कोणाचाच आयकणा नाय." मी आत गेलो. वहिनी चुलीजवळ भिंतीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "वयनी, दोन घास खावा." तिने माझ्याकडे बघितलं. रडून रडून आवाज बसला होता. "खंय खाव, भावजी? तेंचा पान खंय आसा?"

ती पुढे हळू हळू म्हणाली, "ते मुंबयेक असताना मी आवयच्या पानात बसय. ते इले की तेंच्या. आता आवय म्हणता, माझ्या पानात बस, पण माझ्यान बसवणा नाय." मग म्हणाली, "तुमचा पत्र मेळला. तेंनी दोनदा वाचून दाखयल्यानी. खिडकी आसा म्हणान."

मी उठलो. कोपऱ्यात केळीची पानं होती, त्यातलं एक धुतलं. पाट मांडला तो खिडकीखाली, सदूभाऊच्या बसायच्या जागेवर. दुसरी जागा त्या स्वयंपाकघरात मला सुचलीच नाही. चुलीवर भाताचं भांडं होतं, खाली निखारे होते. दारातून कुणी चुलत सासू म्हणाली, "पुरुषमाणूस वाढता काय गो? आणि थंयसर बसयता तिका?" म्हातारी तिच्याकडे न बघता म्हणाली, "वाढूंदे तेका." मी डाव घेऊन भात वाढला. दोन शितं पाटावर सांडली. आमटी वाढली. मग म्हटलं, "आता उठा, वयनी. ह्या पान तुमचाच. ह्येच्यात कोणी जेवक नाय."

ती भिंतीचा आधार घेऊन उठली. मग आली. पाटाच्या काठावर नाही, पूर्ण बसली. भाताच्या मधोमध हात घातला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. बोटं लाल झाली होती. तिने बोटांकडे बघितलं, मग भाताकडे, मग माझ्याकडे. अडतीस-चाळीस वर्षांची बाई, पण लहान पोरीसारखं विचारलं, "इतको गरम खातत कसो, भावजी?"

मी म्हटलं, "कडेकडेन घेवा. मधलो मागसून."

तिने पानाच्या कडेचा भात ओढला, बोटांनी पसरला, पहिला घास घेतला. मी डाव हातात धरून उभाच होतो. बाहेर म्हातारी खांबाला टेकून बसली होती, ती आत आली नाही. पानातला भात कडेकडेने कमी होत गेला.