मामांचा मंगळ

सोलापुरात मंगळाशी घरोबा असलेला एकच माणूस आहे आणि सुदैवाने म्हणा की दुर्दैवाने, ते माझ्या बायकोचे मामा आहेत. नवी पेठेत त्यांचं घोंगड्यांचं दुकान. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं, त्यामुळे जमीन दिसली की तिथं चारा किती उगवेल हे बघायची सवय अंगात मुरलेली. मंगळावर फिरणारी यंत्रगाडी तिथले फोटो पाठवते आणि ते आपल्या मोबाइलवर फुकटात बघायला मिळतात, हे कळल्यापासून मामा गिऱ्हाइकापुढं घोंगडी उलगडायच्या आधी मंगळ उलगडतात. "हा बगा, सांगोल्याकडचा माळच की! पर मेंढरं घालायच्या कामाचा न्हाय. पाणी व्हतं म्हणं कवातरी. आटलं समदं." गिऱ्हाईक घोंगडी न घेताच जातं, मामांना त्याचं काही नाही. तिथल्या एका यंत्राच्या सौरपाट्यांवर धूळ साचून ते बंद पडल्याची बातमी आली, तेव्हा त्यांना घास जाईना. "एवढी शिकल्याली माणसं, संगट एक फडकं द्यायचं न्हाय व्हय?" असं म्हणत त्यांनी कितीतरी दिवस स्वतःच्या गच्चीवरचा सोलर रोज पुसला. मंगळावर त्याचा काही परिणाम झाला नाही. मामींच्या न्हाणीत पाणी मात्र चटका बसण्याइतकं तापू लागलं.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण मामांच्या एकुलत्या लेकीच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि आलेली स्थळं परत जाऊ लागली. शेवटी मोहोळच्या एका मुलाचं आणि तिचं मन जुळलं, तर मुलाची आई पत्रिकेवर अडून बसली. अखेरचं बोलणं करायला मामा निघाले, तेव्हा मलाही सोबत नेलं. बाई हात जोडून म्हणाल्या, "पोरगी सोन्यासारखी हाय वो, पर मंगळ हाय तिला. माज्या ल्योकाच्या जिवाचं काय?" त्यावर मामांनी खिशातून मोबाइल काढला. मी डोळे मिटून घेतले. सोयरीक मोडली, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

"ह्यो बगा मंगळ," मामा म्हणाले. "दगडं, धूळ आन् वारं. ह्येला सोताचं पाणी राखता आलं न्हाय, त्यो तुमच्या ल्योकाचं काय वाकडं करनार?"

बाईंनी चष्मा लावला. एकेक फोटो सरकवत त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हितं तर कुनीच न्हाय की," त्या हळूच म्हणाल्या. मग मुलाकडं वळून, "ह्येला भिऊन बसलो व्हतो व्हय रं आपुन?"

लग्न झोकात झालं. परवा संध्याकाळी दुकानात डोकावलो, तर मामा मोबाइल पुढ्यात घेऊन बसलेले.

"काय मामा, मंगळाची काय खबर?"

"आलाय की फोटू सकाळीच. एवढ्या लांबनं न चुकता येतोय, जावईबापू." मग नजर चुकवत म्हणाले, "मोहोळवरनंच काय न्हाय."

"मग तुम्ही लावा की फोन."

"नगं. नवं घर हाय. बाप सारका फोन करतुया म्हनत्याल."

ओठावर आलेली चेष्टा मी गिळली. मी माझ्या फोनवरून त्यांच्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. "आबा!" म्हणून ती पडद्यावर ओरडली. मामांनी दोन बोटं काचेवर टेकवली, तिचा चेहरा मोठा करून बघायचा प्रयत्न केला आणि "वाळलीस व्हय गं?" एवढंच कसंबसं विचारलं.