दादांना ऐकू येणारे सिनेमे

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वडीगोद्रीकडचं शेत भावाच्या हवाली करून ते जालन्याला आले आणि एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात लागले. तिथल्या धडधडीनं त्यांचे कान हळूहळू गेले. आधी ते टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि शेजारी भिंतीवर थापा मारायचे. मी सातवी-आठवीत जाईपर्यंत आवाज कितीही वाढवला तरी त्यांना फरक पडेनासा झाला. उत्तर ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी काही विचारणंच कमी केलं.

त्या सुमारास जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत एका मारवाडी कापडवाल्यांनी नातवाच्या जावळाला व्हिडिओ भाड्यानं आणला. जेवणं झाल्यावर मांडवातच टीव्ही लावला. सिनेमा जुना, काळापांढरा, कोर्टाच्या खटल्याचा. दादा यजमानांचं मन राखायला म्हणून कडेला बसले होते. पडद्यावरच्या विनोदी नटानं तोंड उघडलं, आणि दादा सगळ्यांच्या आधी हसले. पुढं गाणं लागलं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. बराबर तालात.

"माय, दादाला ऐकू येऊन राह्यलं!" मी ओरडले.

आई बायकांतून उठून आली. दादांचे डोळे भरले होते. "आगं, खरंच येऊन राह्यलं," ते म्हणाले. "बिलकुल साफ."

घरी येताच आईनं देवापुढं साखर ठेवली आणि खिचडी टाकली. कुकरची शिट्टी झाली. दादा कुकरकडं पाठ करून बसले होते, ते तसेच बसून राहिले. आईनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं हातातलं ताट मुद्दाम फरशीवर सोडलं. मी दचकले. दादांनी मान वळवली नाही. आईनं ताट उचललं आणि विसळायला घेतलं.

औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली नस गेलीय, आता ती परत येत नसते. त्यांनी दिलेलं मशीन कानात घातलं की नुसती खरखर यायची. दादांनी ते कपाटात ठेवून दिलं. सिनेमाचं कोडं मात्र त्यांनीच उलगडलं. लग्नाआधी गावाकडून सायकलीवर येऊन जालन्याच्या टॉकीजमध्ये त्यांनी ते सिनेमे इतक्यांदा पाहिले होते, की नटाचे ओठ हलले की आवाज त्यांच्या डोक्यात आपोआप उठायचा.

मग घरात एक जुना व्हीसीआर आला. रविवारी दुपारी मी लायब्ररीतून कॅसेट आणायची. पट्ट्या इतक्या झिजलेल्या असायच्या, की धड कान असलेल्या आम्हालाच संवाद कळायचे नाहीत. "काय म्हणला तो?" असं मी हातानं विचारलं की दादा सांगायचे, अगदी त्या नटाच्या ढंगात. एवढा वेळच ते आमच्यातले असायचे. एकदा मी त्यांनी न पाहिलेला एक सिनेमा आणला. थोडा वेळ बघून ते म्हणाले, "हा मुका हाय. देऊन टाक परत."

माझं लग्न झालं, मी परभणीला गेले. दर दिवाळीला आले की कळायचं, आणखी एखादा सिनेमा मुका झाला. दादा तसं सांगायचे नाहीत. कॅसेट काढून ठेवायचे आणि दुसरी लावायचे. पुढं कॅसेटी जाऊन सीडी आल्या. परभणीत एका दुकानात मला तो कोर्टाचा सिनेमा सापडला. मी तो घेऊन माहेरी आले. चित्र इतकं स्वच्छ, की नायिकेच्या कानातले डूलसुद्धा चमकत होते. ती गात होती. दादांची बोटं मांडीवर निपचित पडली होती.

"गाणं चालू झालं का?" त्यांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"शबूद सगळे आठवतेत," ते पडद्याकडं बघत म्हणाले. "आवाज न्हाई आठवत. कसा होता, पातळ का जाड, काहीच न्हाई." मग म्हणाले, "तुह्या मायचा बी न्हाई."

आई शेजारीच गवार मोडत बसली होती. तिनं त्यांच्या तोंडापुढं वाकून त्यांना हाक मारली, मग आणखी मोठ्यानं मारली. दादा तिच्या ओठांकडं लक्ष देऊन बघत राहिले. परीक्षेत न येणारं गणित बघावं तसं. मग त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मी सिनेमा बंद केला. त्यानंतर त्यांनी एकही सिनेमा लावला नाही. पुढं टीव्हीवर आईच्या मालिका चालायच्या आणि दादा दाराशी खुर्ची टाकून रस्त्यावरच्या रिक्षा बघत बसायचे. कुणी ओळखीचं आलं तर उठून नमस्कार करायचे आणि परत बसायचे. मी परभणीहून फोन केला की आई सांगायची, "बरे हायेत, बाई. जेवलेत." मी फोनवर काय बोलले, हे त्यांनी तिला कधी विचारलं नाही.